एसी सर्व्हिसिंगचा धंदा, जाहिरात थांबली की फोन थांबतो. टिकणारं मार्केटिंग कसं बसवायचं?

वाघबीळकर
नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला वाघबीळच्या बाजूला एसी रिपेअर-सर्व्हिसिंगचं काम करतो, मी स्वतः आणि तीन पोरं, सीझनला अजून एक-दोन घेतो. आधी एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला होतो, मग स्वतःचं सुरू केलं. कामाबद्दल कोणाची ओरड नाही, प्रश्न गिऱ्हाईक आणायचा आहे. सध्या निम्म्याहून जास्त कामं एका लीड (म्हणजे चौकशी करणाऱ्या गिऱ्हाईकाचा नंबर) देणाऱ्या ॲपवरून येतात. वॉलेटमध्ये पैसे असले की फोन, संपले की सगळं गार. एक लीड १८० च्या आसपास पडते आणि तीच लीड अजून तीन-चार जणांना विकलेली असते, त्यामुळे गिऱ्हाईक फोन उचलतं तेच वैतागून. तीन लीडमागे एक काम धरा, म्हणजे साडेपाचशे गेले नुसतं दारात पोचायला, आणि एका स्प्लिटच्या जेट सर्व्हिसचे मी घेतो ६००. त्यातून पोराचा पगार, पेट्रोल आणि कापूरबावडी ते कासारवडवलीचं ट्रॅफिक.

मार्च ते जून फोन उचलायला वेळ नसतो, पाऊस लागला की पोरं बसून, ऑक्टोबरला जरा हलतं. एकजण म्हणतो इन्स्टावर रील टाक. एका एजन्सीने महिना २५ हजारांचं पॅकेज सांगितलंय, वेबसाइट, १२ पोस्ट आणि ब्रँडिंग. हे माझ्यासारख्याला लागू आहे का तेच कळत नाही. मला असं पाहिजे की जे बसवलं की चालत राहील आणि उद्या तीनाची सात पोरं झाली तरी तेच पुरेल. ठाणे-नवी मुंबईत कोणी केलंय का, धंदा कुठलाही असो, सांगा.

तिरकस
रील टाकाच. कॉइल धुताना काळं पाणी निघतं ना, तो व्हिडिओ लोक जेवता जेवता बघतात. बघणारे सगळे सोलापूर-नांदेडचे आणि तुम्ही वाघबीळला. लाइक येतील भरपूर, सर्व्हिसिंग एकाचंही नाही.

ताळेबंद
आधी आकडा नीट मांडूया मग रील-बिल बघू. तुम्ही ५५० विरुद्ध ६०० असा हिशोब लावताय तो एका फेरीचा झाला. गिऱ्हाईकाचा हिशोब वर्षाचा लावायचा असतो. समजा त्या घरात दोन एसी आहेत आणि वर्षात दोनदा सर्व्हिस होते, तर तेच घर वर्षाला २४०० चं झालं, आणि मधे एखादा पीसीबी, कपॅसिटर, ड्रेन पाइप निघालाच तर अजून. मग ५५० महाग नाहीत. पण, आणि हा पण मोठा आहे, ते घर दुसऱ्यांदा तुमच्याकडेच आलं पाहिजे. ते पुन्हा ॲपवरून आलं तर त्याच घरासाठी तुम्ही परत ५५० मोजताय.

म्हणून माझा प्रश्न, मागच्या मार्च-एप्रिलमध्ये ज्यांच्याकडे गेलात त्यातले यावर्षी किती जण थेट तुमच्या नंबरवर आले? हा आकडा माहीत नसेल तर एजन्सीला एक रुपया देऊ नका.

आणि एजन्सी, गुगल, फेसबुक सगळ्या जाहिरातींवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो हे पॅकेज सांगताना कोणी बोलत नाही. तुमची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि जीएसटी नंबर घेतला नसेल तर तो टॅक्स परत मिळत नाही, सरळ खर्चात जातो. २५ हजार म्हणजे साडेएकोणतीस झाले.

वाघबीळकर
ताळेबंद, खरं सांगायचं तर तो आकडा कुठे मांडलेलाच नाही. बिलबुकं आहेत सगळी, गठ्ठे बांधून. नंबर मोबाइलमध्ये 'ब्रह्मांड एसी २', 'आनंदनगर मॅडम' असे सेव्ह आहेत. एकाच सोसायटीच्या तीन मॅडम आहेत आता काय बोलू.

चकली_ते_चिवडा
वाघबीळकर दादा तुमचं 'आनंदनगर मॅडम' वाचून हसू आलं 😄 मी नेरूळला घरगुती फराळ आणि मसाले करते, मदतीला चार बायका. धंदा वेगळा पण दुखणं अगदी तेच, आमचं दिवाळीच्या आधी डोकं वर काढता येत नाही आणि नंतर शांत.

मला उपयोग झाला तो वहीचा. म्हणजे आता शीट आहे पण सुरुवात वहीच होती. नाव, बिल्डिंग, काय घेतलं, कधी घेतलं, आणि शेवटचा रकाना महत्त्वाचा, पुढे कधी विचारायचं. कोणी मालवणी मसाला एक किलो नेला की माणसं किती यावरून साधारण कधी संपेल कळतं, तेव्हा मी मेसेज टाकते. जाहिरात नाही हो, नुसतं 'काकू मसाला संपत आला असेल, शुक्रवारी दळते आहे, ठेवू का?' एवढंच. याला उत्तर येतं. 'आमच्याकडे सर्व प्रकारचे मसाले मिळतील' याला कोणी उत्तर देत नाही, उलट म्यूट करतात.

तुमचं तर अजून सोपं, एसीची तारीख ठरलेलीच असते. फेब्रुवारीत सगळ्यांना उन्हाळ्याआधीचं, आणि ज्याचा मागच्या वेळी पाणी गळण्याचा प्रॉब्लेम होता त्याला ते आठवण करून द्यायचं. 'मागच्या वेळी बेडरूमचा ड्रेन चोंदला होता' असं लिहिलं की समोरच्याला वाटतं माणूस लक्षात ठेवतो. वहीत आहे म्हणून लक्षात आहे, पण ते त्यांना कशाला सांगा.

एक लक्षात ठेवा, व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टमध्ये एका लिस्टला २५६ जण आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो पोचतो. लोक म्हणतात मी पाचशे जणांना पाठवला, पोचतो शंभराला. मी पहिल्या ऑर्डरलाच कार्ड पाठवते आणि सांगते नंबर सेव्ह करा म्हणजे दिवाळीची यादी येईल.

पिनकोड
मी वागळे इस्टेटमध्ये एका फर्ममध्ये जाहिरातींचंच काम करतो तरी सांगतो, तुमच्यासाठी पेड जाहिरात शेवटी. आधी गुगलचं बिझनेस प्रोफाइल. ते फुकट आहे आणि 'एसी रिपेअर निअर मी' असं टाइप करणारा माणूस घामाघूम होऊन टाइप करत असतो, त्याला रील दाखवायची गरज नाही.

दुकान नसेल तर पत्ता लपवून नुसते एरिया टाकता येतात. व्हेरिफिकेशनला आजकाल बहुतेक व्हिडिओ मागतात, गाडी, जेट पंप, गॅसचं प्रेशर बघायचं मॅनिफोल्ड गेज, बिलबुक सगळं दाखवा. नावात 'बेस्ट एसी रिपेअर ठाणे २४ तास' असलं काही घुसडू नका, कोणी रिपोर्ट केलं की प्रोफाइल सस्पेंड होतं आणि ते सोडवून घेणं म्हणजे डोकेदुखी. जे पाटीवर आणि बिलावर नाव तेच. रिव्ह्यूसाठी ५० रुपये सूट वगैरे पण नको, गुगलच्या नियमात ते बसत नाही. काम झालं की तिथल्या तिथे क्यूआर दाखवायचा आणि म्हणायचं, कुठल्या बिल्डिंगमध्ये काय काम केलं ते दोन ओळी लिहा. 'नाइस सर्व्हिस' पेक्षा 'हिरानंदानी इस्टेटमध्ये १४व्या मजल्यावरचं आउटडोअर युनिट उतरवून लीक काढला' हे वाचून पुढचा फोन येतो.

आता जाहिरात करायचीच झाली तर घोडबंदरवाल्यांनी एक गोष्ट सांभाळायची. फेसबुक-इन्स्टाच्या जाहिरातीत लोक मॅपवर गोल काढतात, वाघबीळपासून अमुक किलोमीटर. आपला रोड लांबलचक पट्टी आहे, एका बाजूला येऊरचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी. गोल थोडा मोठा काढला की खाडीपलीकडे काल्हेर-कशेळी येतं, अजून मोठा काढला की डोंगरापलीकडे बोरिवली. बोरिवलीचा माणूस फोन करणार, तुम्ही गायमुखवरून वळसा घालून जाणार का? ४००६०७ आणि ४००६१५ असे पिनकोड टाका सरळ.

आणि दिवसाला १०० रुपये टाकून आठवड्यात रिझल्ट बघू असं करू नका. त्यांची सिस्टीम शिकायला आठवड्याला साधारण ५० रिझल्ट मागते, फोन म्हणा मेसेज म्हणा. तेवढे तुम्हाला नकोच आहेत, आले तर तीन पोरांत उरकणार कसे.

तिरकस
पिनकोडला आयडी शोभतो 😂
पण मुद्दा बरोबर आहे, मे महिन्यात ५० फोन आले तर ४० जणांना 'चार दिवसांनी येतो' सांगणार, त्यातले १० जण तिथेच एक स्टार देऊन जाणार. पैसे भरून बदनामी.

खाडीकाठ
मी खारघरला एका सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणजे तुमच्या पलीकडच्या बाजूचा माणूस. आम्ही एसीवाल्याला कसं निवडतो ते सांगतो.

पहिलं, गॅस. प्रत्येक मेंबरची एकच तक्रार, मेकॅनिक येतो, पॅनेल उघडतो आणि 'गॅस कमी झालाय' म्हणून अडीच-तीन हजार काढतो. आता मलाही माहीत आहे की एसीतला गॅस बंद सर्किटमध्ये फिरतो, कुठे लीक असल्याशिवाय तो कमी होत नाही. गाडीचं पेट्रोल नाही ते संपायला. मग लीक न शोधता दरवर्षी भरायचा कशाला. आमच्याकडे एक मुलगा यायचा तो गेज लावून आकड्याचा फोटो काढायचा, मेंबरला पाठवायचा, गॅस ठीक असेल तर 'ठीक आहे' म्हणून सांगायचा आणि ५०० घेऊन जायचा. त्याने कधी एक पत्रक वाटलं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर कोणी 'एसीवाला सुचवा' म्हटलं की दहा मिनिटांत त्याचा नंबर चार जण टाकायचे.

दुसरं, इकडे खाडी आणि नाल्याजवळच्या बिल्डिंगमध्ये कॉइल लवकर लीक होतात, नवा एसी असून. नाल्यातून जो कुजका वास येतो ना तो हायड्रोजन सल्फाइड, तांब्याला खातो. मेंबर कंपनीशी भांडत बसतात. हे कोणीतरी येऊन आधी समजावलं, कुठल्या बाजूच्या फ्लॅटला त्रास जास्त, कोटिंगवाली कॉइल घ्यायची का, तर आम्ही त्याला सोसायटीच्या हॉलमध्ये अर्धा तास देऊ आनंदाने. गेटवर स्टॉल लावून पेन वाटण्यापेक्षा ते बरं. तुमच्याकडे कोलशेत, बाळकुम, खाडीच्या बाजूला हेच असणार.

तिसरं, पावसाळ्याचं. सोसायटीचं जिम, क्लबहाउस, ऑफिस यांचे एसी बारा महिने चालतात. आमची एजीएम, म्हणजे वार्षिक सभा, ३० सप्टेंबरच्या आत, त्याआधी कमिटी खर्चाचे आकडे लावत असते. जुलै-ऑगस्टमध्ये पोरं बसून असतात म्हणता, तेव्हाच एएमसीची (वर्षभराच्या देखभालीच्या कराराची) कोटेशनं घेऊन फिरा की. पण कोटेशन एक पान, लेटरहेडवर, आणि काय धरलंय काय नाही ते स्पष्ट. कॉम्प्रेसर नाही तर नाही लिहा. सगळं धरून स्वस्तात सांगणारे जानेवारीत फोन उचलत नाहीत असा अनुभव आहे.

ताळेबंद
+१. नौपाड्यात, गोखले रोड, राम मारुती रोडला डॉक्टरांचे दवाखाने, क्लासेस, सोनार, सगळ्यांचे एसी पावसातही चालू असतात. वागळे इस्टेट, ऐरोली-महापे पट्ट्यातल्या ऑफिसांत सर्व्हर रूम असते, तिथे तर रात्रंदिवस. यातली १५-२० ठिकाणं एएमसीवर धरली तर पोरांचा पावसाळ्यातला पगार तिथून निघावा. दर थोडा कमी मिळेल आणि पैसे उशिरा येतील ते धरून चाला. मोठ्या ऑफिसला जीएसटी बिल लागतं, तेव्हा नंबर घ्यायचा का ते त्या वेळी ठरवा, आधीच नको.

वाघबीळकर
सगळ्यांचे आभार, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. खाडीकाठ साहेब कॉइलचं अगदी खरंय, कोलशेतला रोज बघतो, पण हे लोकांना आधी सांगायची गोष्ट आहे हे डोक्यात नव्हतं आलं.

आता खरी अडचण सांगतो जी वर लिहायला जरा जड जात होतं. वही, शीट, मेसेज सगळं करीन. पण घरात जातं कोण, पोरगं जातं. गिऱ्हाईक नंबर घेतं त्याचा. पुढच्या वेळी 'अरे तूच ये ना परस्पर, ४०० देतो'. माझ्याकडे शिकून दोघे असेच गेले, गिऱ्हाईकांसकट. आता सात पोरं केली तर सात दुकानं उघडतील माझ्या वहीवर. मग मी मार्केटिंग कोणासाठी करतोय?

पाना_पकड
हा खरा प्रश्न. ऐरोलीला प्लंबिंगची काँट्रॅक्ट घेतो, बरीच वर्षं, माणसं येतात जातात. यावर अक्सीर इलाज नाही भाऊ, पण कमी करता येतं.

एक म्हणजे नंबर एकच, ऑफिसचा, वेगळं सिम. बिलावर तोच, एसीवर स्टिकर लावाल त्यावर तोच, व्हॉट्सॲप बिझनेस त्याच्यावर. पोराने निघताना 'साहेब पोचतोय' हा मेसेज पण त्या नंबरवरूनच जायला पाहिजे. गिऱ्हाईकाला सवय नंबरची लागते, माणसाची कमी. पोराचा नंबर द्यायचा नाही असं ओरडून काही होत नाही, लोक मागतातच.

दुसरं, परस्पर काम का करतो पोरगा? कारण ६०० मधले त्याला हातात किती पडतात हे त्याला कळतं. आम्ही पगारावर वर थोडं धरतो, जुनं गिऱ्हाईक परत आलं आणि त्याच माणसाचं नाव घेऊन बोलावलं तर त्या कामाचे त्याला वेगळे. म्हणजे तोच सांगतो, मॅडम ऑफिसच्या नंबरवर फोन करा आणि माझं नाव सांगा. लीडवाल्या ॲपला ५५० देता ना, त्यातले १०० पोराला द्या.

तिसरं, गॅरंटी. ऑफिसच्या बिलावर काम झालं तर ३० दिवस गळती-बिळतीची जबाबदारी आमची, परस्पर केलं तर नाही. आणि ती पाळायची, रविवारी सकाळी फोन आला तरी. दोन-तीनदा पाळली की सोसायटीत बातमी जाते.

तरी जाणारा जातोच. जो हुशार आहे तो स्वतःचं काढणारच, तुम्ही पण तसेच आलात ना सर्व्हिस सेंटरमधून. त्याला भांडून घालवू नका. आमचा एक गेलेला मुलगा आता उलव्याची कामं करतो आणि ऐरोली-घणसोलीची आली तर मला देतो.

नवीन पोरं आयटीआयमधून घ्या, रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. अर्धवट शिकलेला मेकॅनिक गॅस भरताना काय करेल भरवसा नाही, आजकाल बहुतेक नव्या एसीत आर-३२ गॅस असतो, तो पेट घेऊ शकतो. एक भडका उडाला की तुमचं सगळं मार्केटिंग गेलं.

चकली_ते_चिवडा
पाना_पकड तुमचा तो नाव घेऊन बोलावलं तर वेगळे पैसे हा प्रकार मी चोरणार आहे. आमच्या बायका पण घरी स्वतःच्या ऑर्डरी घेतात, मी डोळेझाक करते.

नवशिक्या_उद्योजक
मस्त धागा. एक विचारू का, बाजारात सोसायट्यांचे नंबर मिळतात ना, फ्लॅटवाइज डेटाबेस, काही हजारात. तो घेऊन सगळ्यांना एसएमएस मारला तर?

पिनकोड
नको. व्यावसायिक एसएमएस पाठवायला डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या पोर्टलवर नोंदणी लागते, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकूर मंजूर करून घ्यावा लागतो. आणि तो डेटा लोकांच्या परवानगीशिवायचा, २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आलाय, उद्या कोणी विचारलं नंबर कुठून मिळाला तर काय सांगणार. व्हॉट्सॲपवर अनोळखी लोकांना ढिगाने पाठवलं की चार जण ब्लॉक-रिपोर्ट करतात आणि ज्या नंबरवर सगळा धंदा आहे तोच बॅन. झाडाला, खांबाला बोर्ड ठोकायचं पण डोक्यातून काढा, विद्रूपीकरणाचा कायदा १९९५ पासून आहे आणि त्या बोर्डवर तुमचाच नंबर छापलेला असतो, शोधायला कोणाला कष्ट पण नाहीत.

तिरकस
घोडबंदरला राहतो म्हणून मला समजेल असं सांगतो. लीडचं ॲप म्हणजे आमच्या सोसायटीचा टँकर. पैसे टाकले की पाणी, आणि रेट तो ठरवणार. बंदही करता येत नाही एकदम, बाकी सोय होईपर्यंत. वाघबीळकर, ॲप उद्याच बंद करू नका एवढंच. पाऊण-एक वर्ष कमी कमी करत जा.

वाघबीळकर
तिरकस पहिल्यांदा सरळ बोलले, नोंद घेतली 🙏

ठरवलंय ते लिहितो, चुकत असेल तर बोला. एजन्सीला नाही म्हणून कळवलं. भाची कॉलेजला आहे, तिला सुट्टीत पैसे देऊन दोन वर्षांची बिलबुकं शीटमध्ये चढवून घेतो, बिल्डिंग, फ्लॅट, एसी किती, कुठल्या कंपनीचा, शेवटची तारीख, काय निघालं होतं. ऑफिसचं वेगळं सिम घेतलं आज. जुन्या नंबरवर स्टेटस ठेवीन महिनाभर. लीडचं बजेट सीझनमध्ये बंद, कारण तेव्हा तसंही जुनी गिऱ्हाईकंच उरकत नाहीत, आणि पोरं मोकळी असतील तेव्हाच थोडं चालू ठेवायचं. आजवर उलटं करत होतो, सगळे मार्चमध्ये भरतात म्हणून मी पण भरायचो आणि तेव्हाच लीड सगळ्यात महाग.

गेजचा फोटो पोरांना सांगितला. एक म्हणाला मग गॅसची कामं कमी होतील. होतील, खरंय. बघू.

एकच शंका उरली, स्टिकर. आउटडोअरला लावला तर उन्हापावसात महिन्यात जातो, इनडोअरच्या समोर लावला तर मॅडम लोक दुसऱ्या दिवशी काढून टाकतात, इंटेरियरला शोभत नाही म्हणून.

पाना_पकड
इनडोअरचं पुढचं पॅनेल उघडून आतल्या बाजूला, फिल्टरच्या वर. बाहेरून दिसत नाही आणि फिल्टर धुवायला उघडलं की समोर नंबर. त्यावर पेनने सर्व्हिसची तारीख आणि पुढची तारीख लिहायची जागा ठेवा, परमनंट मार्करने लिहा, साध्या पेनचं ओलाव्याने पुसतं. मधे दुसरा कोणी मेकॅनिक जाऊन आला तर तो पहिलं काम काय करतो, तुमचा स्टिकर फाडतो. पुढच्या वेळी उघडल्यावर स्टिकर नसेल तर शीटमध्ये तसं लिहा, ते घर हातचं चाललंय म्हणून.

खाडीकाठ
आणि मेंबरला नंतर फोन करून विचारू नका 'दुसऱ्याला बोलावलंत का', लोकांना आवडत नाही. गुढीपाडव्याच्या आधी नेहमीचा मेसेज टाका, बस.
वाघबीळकर, खारघरला येत असाल तर आमच्या क्लबहाउसच्या चार कॅसेट एसींचं कोटेशन पाठवा, पत्ता व्यनि करतो. ट्रॅफिकचा चार्ज वेगळा लावू नका म्हणजे झालं.

वाघबीळकर
साहेब खारघरला रोज पोरगा पाठवणं परवडणार नाही, खोटं कशाला बोलू. पण तुमच्या कॉइलच्या लीकचं बघायला मी स्वतः एकदा येतो, त्याचे पैसे नकोत. तिकडचं नेहमीचं काम कोणी करणारं असेल तर पाना_पकड यांचा तो उलव्याचा मुलगा एसी करतो का विचारा.

पाना_पकड
नाही हो, तो नळाचाच. पण त्याचा मेव्हणा करतो, विचारून सांगतो.